टूशे आमोरेचा 'स्टेज फोर': शब्द समोर ठेवूनच ऐकावा असा स्क्रीमो अल्बम

'स्टेज फोर' लावायचा तर आधी गाण्यांचे शब्द समोर उघडून ठेवा, मग आवाज वाढवा. स्क्रीमोच्या, म्हणजे ओरडून गायल्या जाणाऱ्या भावुक पंकच्या, बाबतीत हा सल्ला सहसा कुणी देत नाही. या प्रकारातल्या कितीतरी अल्बममध्ये शब्द कळले नाहीत तरी फारसं अडत नाही. ड्रम, गिटार आणि गायकाचा फाटलेला आवाज मिळून सांगायचं ते सांगून टाकतात. इथे तसं होत नाही. लॉस एंजेलिसच्या टूशे आमोरे या बँडचा हा अल्बम १६ सप्टेंबर २०१६ ला एपिटाफ रेकॉर्ड्सने काढला. ११ गाणी, साधारण ३५ मिनिटं. गायक जेरेमी बोल्म त्यात आपल्या आईच्या मृत्यूबद्दल ओरडतो, आणि ओरडताना सगळे तपशील देतो: तारीख, वय, फोन, घर, न ऐकलेला एक निरोप. शब्द सुटले की अर्धा अल्बम हातचा गेला.

बोल्मची आई ३१ ऑक्टोबर २०१४ ला कॅन्सरने गेली. बँड तेव्हा फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला होता. तिथे दरवर्षी हॅलोवीनच्या आसपास 'द फेस्ट' हा पंक महोत्सव भरतो, त्यात त्यांचा कार्यक्रम होता. आई गेल्याचं त्याला कार्यक्रम संपल्यावर कळलं. 'स्टेज फोर' म्हणजे तिच्या आजाराचा टप्पा, आणि हा बँडचा चौथा अल्बमही आहे. एवढं माहीत असलं की ऐकायला बसता येतं. बाकीचं गाणीच सांगतात.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडी वंशावळ. स्क्रीमो ज्यातून निघाला त्या इमोचं मूळ १९८५ च्या सुमाराच्या वॉशिंग्टनमध्ये, राइट्स ऑफ स्प्रिंगसारख्या हार्डकोर (वेगवान, आक्रमक पंक) बँडांत आहे. वेग हार्डकोरचा, पण गाण्यात राजकारणाऐवजी स्वतःचं मन. नव्वदीच्या सुरुवातीला सॅन डिएगोत हेरॉइन नावाच्या बँडने आणि ग्रॅव्हिटी रेकॉर्ड्स या कंपनीच्या आजूबाजूच्या बँडांनी तेच आणखी वेडंवाकडं केलं, आणि दशक संपता संपता न्यूयॉर्कचा साएशिया, मॅसॅच्युसेट्सचा ऑर्किड, व्हर्जिनियाचा पेज नाइन्टी-नाइन यांनी स्क्रीमोला आज आपण ओळखतो तो आकार दिला. टूशे आमोरे २००७ मध्ये जमला, म्हणजे त्यांच्या नंतरच्या पिढीतला. ला डिस्प्यूट आणि पियानोज बिकम द टीथ हे त्याचे समकालीन. या पिढीने गोंगाट थोडा कमी केला आणि शब्द पुढे आणले. काही जुन्या चाहत्यांना हे पटत नाही, टूशे आमोरेला ते स्क्रीमो मानायलाच तयार नसतात. 'स्टेज फोर'मध्ये पेज नाइन्टी-नाइनचा कोलाहल शोधणाऱ्याला तो मिळणार नाही, एवढं त्यांचं खरं आहे. पण ऊर फुटेस्तोवर ओरडणं आणि त्यामागे मोडलेलं मन ही या प्रकाराची खूण धरली, तर हा अल्बम तिथे हक्काने बसतो.

आता वाद्यांकडे. क्लेटन स्टीव्हन्स आणि निक स्टाइनहार्ट हे दोघे गिटारवर, टायलर कर्बी बेसवर, एलियट बॅबिन ड्रमवर. दोन गिटार क्वचितच एकच गोष्ट वाजवतात. एक कॉर्ड धरून जमीन देते, तर दुसरी वरच्या पट्टीत एकेक तार छेडत धून काढते. मेटलकोरमध्ये (मेटल आणि हार्डकोरच्या मिश्रणात) असतात तसे तळहाताने तारा दाबून काढलेले जड ठोके इथे नाहीत, गिटारचे सोलोही नाहीत. जडपणा येतो तो ड्रमच्या वेगातून आणि बेसच्या करकरीतून. हेडफोन लावून एकदा फक्त वरची गिटार ऐका, बोल्मकडे लक्षच देऊ नका. 'रॅप्चर'मध्ये आणि 'पाम ड्रीम्स'मध्ये ती गिटारच चाल गात असते आणि गायक तिच्यावर ताल धरून बोलत असतो, हे लक्षात येईल. ओरडणाऱ्या गायकाला सूर धरता येत नाही, त्यामुळे गाण्याची चाल दुसऱ्या कुणाला तरी उचलावी लागते. हा बँड ते काम गिटारकडे देतो, आणि म्हणूनच यातली गाणी नंतर गुणगुणता येतात.

निर्माता ब्रॅड वुड. यानेच १९९४ मध्ये सनी डे रिअल इस्टेट या इमो बँडचा 'डायरी' हा अल्बम केला होता, म्हणजे इमोचा धागा त्याच्या हातून आधीच गेलेला. टूशे आमोरेचा आधीचा 'इज सर्व्हाइव्हड बाय' (२०१३) त्याचाच. तिथे सुरू झालेलं काम 'स्टेज फोर'मध्ये पुरं झालेलं दिसतं. २०११ च्या 'पार्टिंग द सी बिट्वीन ब्राइटनेस अँड मी'मध्ये १३ गाणी होती आणि सगळा अल्बम जेमतेम २० मिनिटांत आटपायचा. एक कल्पना, एक स्फोट, पुढे चला. इथे बरीचशी गाणी तीन-चार मिनिटं टिकतात, त्यांना ध्रुवपद असतं, मधे शांत जागा असते. वेग कमी झाला म्हणून हळहळणारे तेव्हाही होते. मात्र या विषयाला ९० सेकंद पुरणारच नव्हते.

पहिलं गाणं 'फ्लॉवर्स अँड यू'. स्वच्छ गिटारने हळू उघडतं आणि मग सगळे एकदम आत येतात. यातलं वाईट वाटणं नेमकं आहे. आई जेवायला नको म्हणायची तेव्हा आपण तिच्यावर वैतागलो, तिला डोळ्यांदेखत झिजताना पाहून काय बोलावं ते सुचलं नाही, याची तो माफी मागतो. घरात दीर्घ आजाराचं माणूस सांभाळलेल्या कुणालाही ही चिडचिड आणि नंतरची टोचणी सांगावी लागत नाही. शोकगीतात गेलेल्या माणसाचे गुण गाण्याची रीत आहे. हा अल्बम सुरू होतो तो स्वतःच्या कमी पडण्यापासून, आणि पुढची सगळी गाणी त्या पहिल्या कबुलीवर उभी आहेत.

दुसरं 'न्यू हॅलोवीन' हे अल्बमचं केंद्र आहे. वर्ष उलटलंय, तारीख परत आली आहे. बोल्म सांगतो की काही गाणी लागली की तो ती वगळून पुढे जातो, कारण ती ऐकवत नाहीत, आणि कुठली तेही सांगतो: सन किल मूनच्या 'बेंजी' अल्बममधलं दुसरं गाणं आणि डेथ कॅब फॉर क्यूटीचं 'व्हॉट सेरा सेड'. पहिलं आईच्या प्रेमाशिवाय जगता येणार नाही असं म्हणणारं, दुसरं इस्पितळाच्या वेटिंग रूममधलं. दुःखात माणूस खरोखर असंच करतो. रोजच्या यादीतली दोन-तीन गाणी गुपचूप वगळतो. दुसरा कुणी 'संगीतही आता नकोसं झालं' असं मोघम लिहून मोकळा झाला असता. बोल्म गाण्याचा क्रमांक देतो. याच गाण्यात तो हेही कबूल करतो की आईने फोनवर ठेवलेला शेवटचा निरोप ऐकायचं धाडस त्याला अजून झालेलं नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटच्या गाण्यात त्याचं काम आहे.

'डिस्प्लेसमेंट' श्रद्धेबद्दल आहे. आई देवाला मानणारी, मुलगा न मानणारा. ती ६९ व्या वर्षी गेली, अंगभर कॅन्सर होता, हे तो सरळ आकड्यासकट ओरडतो आणि तिच्या देवाला जाब विचारतो. त्याच गाण्यात गाडीला अपघात होऊन काही न लागता सुटल्याचा उल्लेख येतो आणि हे आईचंच काम असेल का, अशी शंका डोकावते. न मानणाऱ्याच्या मनात आलेली ही शंका तो लपवत नाही, सोडवतही नाही. ड्रम इथे सगळ्यात घाईत आहेत, जणू प्रश्न विचारून झाला की उत्तराआधी निघून जायचंय.

'एट सेकंड्स' दोन मिनिटांच्याही आत संपतं. गेन्सव्हिलच्या त्या रात्रीचं हे गाणं. तासाभरापूर्वी ती गेली, तेव्हा तू स्टेजवर स्वप्न जगत होतास, अशा अर्थाचं वाक्य त्यात येतं. सबंध अल्बममधला सगळ्यात क्रूर क्षण हा, आणि तो लांबवलेला नाही हे फार बरं केलं. पुढे लगेच 'पाम ड्रीम्स' सुरू होतं आणि चाल उजळते. आई सत्तरच्या दशकात नेब्रास्काहून कॅलिफोर्नियाला आली होती. का आली? सिनेमा, पाम वृक्ष, की आणखी काही? मुलाने हे कधी विचारलंच नाही, आणि आता विचारायला कुणी उरलं नाही. जेमतेम अडीच मिनिटांचं, अल्बममधलं सगळ्यात सहज तोंडात बसणारं गाणं आहे. कुणाला एकच गाणं ऐकवून अल्बमकडे ओढायचं असेल तर हे ऐकवा.

गायनाबद्दल थोडं खोलात जायला हवं, कारण नवख्याची पहिली तक्रार तिथेच असते. बोल्मचा आवाज डेथ मेटलसारखा खर्जातला गुरगुरणारा नाही, ब्लॅक मेटलसारखा चिरकाही नाही. मधल्या पट्टीतला, छातीतून फेकलेला, थोडा घोगरा टाहो आहे आणि व्यंजनं स्पष्ट आहेत. दोन-तीनदा ऐकल्यावर शब्दांचा कागद न बघताही बरंच कळतं. 'बेनेडिक्शन' आणि 'स्कायस्क्रेपर'मध्ये तो खाली उतरून साध्या, जड आवाजात गातो. द नॅशनल हा बँड ऐकणाऱ्यांना ही पट्टी ओळखीची वाटेल. गायक म्हणून तो सफाईदार नाही, 'बेनेडिक्शन'मध्ये काही ठिकाणी सूर सपाट लागतो. पण ओरडणं थांबलं की जी पोकळी तयार होते, तिच्यासाठी ही साधी पट्टी हवीच होती. ३५ मिनिटं एकाच ताकदीने ओरडत राहिला असता तर कान सरावले असते आणि पाचव्या गाण्यानंतर काहीच लागलं नसतं.

सोबत ओरडून बघण्याचा मोह होतो, बँडमध्ये ही गाणी बसवणारेही असतात. त्यांनी दोन-तीन गोष्टी पाळाव्यात. ताकद लावून घशातून ढकलू नका. स्वरतंतू एकमेकांवर जोरात आपटून सुजतात, दुसऱ्या दिवशी आवाज बसतो, आणि हे वारंवार झालं तर गाठी येतात. अनुभवी गायक कर्कशपणा खऱ्या स्वरतंतूंच्या वरच्या घड्यांतून काढतात आणि श्वासाचा आधार पोटातून देतात. त्यामुळे समोर उभं राहून ऐकलं तर आवाज वाटतो तितका मोठा नसतो. मोठेपणा माइक देतो. सुरुवात कमी आवाजात करा, आधी दहा-पंधरा मिनिटं साधे स्वर लावून गळा तयार करा, आणि टोचायला किंवा जळजळायला लागलं की त्या दिवसापुरतं थांबा. गिटारवाल्यांची नेहमीची चूक म्हणजे गेन (अ‍ॅम्पवरचं, आवाज खरखरीत करणारं बटण) पूर्ण चढवणं. या गाण्यांत मोकळ्या तारांचे कॉर्ड आणि वरची बारीक धून वेगळी ऐकू यायला हवी. गेन अर्ध्याच्या आसपास ठेवला तरच ते जमतं, नाहीतर दोन्ही गिटार मिळून नुसती खरखर होते. दोघांनी एकाच पट्टीत पॉवर कॉर्ड ठोकले तर गाणं ओळखूही येत नाही. ड्रमरने 'डिस्प्लेसमेंट'सारखी गाणी मेट्रोनोम लावून बसवावीत. पहिल्याच ओळीत वेग चढला तर शब्द मावत नाहीत आणि गायकाला श्वास घ्यायला जागा उरत नाही.

ऐकण्याच्या सोयीबद्दल. फोनमधला 'रॉक' नावाचा इक्वलायझर बंद करा. तो खालचे आणि वरचे सूर उचलतो आणि मधले खाली ढकलतो, आणि या अल्बममध्ये गायक आणि दोन्ही गिटार त्या मधल्या भागातच राहतात. बेस वाढवणारे इयरफोन असतील तर कर्बीचा बेस फुगून वरच्या गिटारला झाकतो. झांजांचा मारा काही ठिकाणी इतका दाट आहे की हलक्या प्रतीच्या ब्लूटूथ स्पीकरवर तो पांढऱ्या खरखरीसारखा पसरतो. तारेचे साधे हेडफोन त्यापेक्षा बरे. गाणी उलटसुलट क्रमाने लावू नका, कारण दुसऱ्या गाण्यातला निरोप अकराव्याशी जोडलेला आहे. रात्री झोपण्याआधी ऐकायचा असेल तर पहिल्या खेपेला टाळा. आणि घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर थोडे दिवस थांबा. काहींना असं संगीत त्या दिवसांत आधार देतं, काहींना सोसत नाही, हे आपलं आपल्यालाच कळतं.

उणं काय? 'सॉफ्टर स्पोकन' आणि 'पोझिंग होली' ही दोन गाणी वाईट नाहीत, पण 'पाम ड्रीम्स'च्या उजेडानंतर ती जवळपास एकाच वेगाची आणि एकाच रंगाची वाटतात. इथे अल्बम किंचित सैल पडतो. लगेच येणारं 'वॉटर डॅमेज' वेग तोडून त्याला सावरतं. यातला अंधार मला अल्बममध्ये सगळ्यात खोल वाटतो. आणि 'स्कायस्क्रेपर'मध्ये गायिका ज्युलियन बेकर आहे म्हणून जे युगुलगीताच्या अपेक्षेने येतात त्यांना थोडं हुकल्यासारखं होतं. तिचा आवाज बोल्मच्या मागे, आधार देण्यापुरता आहे. तिचा 'स्प्रेन्ड अँकल' (२०१५) हा अल्बम ऐकलेल्यांना ती आणखी हवी होती असं वाटणारच.

तरी 'स्कायस्क्रेपर' या अल्बमचं सर्वोत्तम काम आहे. आईच्या आवडत्या न्यूयॉर्कबद्दलचं गाणं. व्हिडिओत बोल्म मॅनहॅटनच्या रस्त्यांवरून रिकामी व्हीलचेअर ढकलत नेतो. गाणं जवळजवळ पुटपुटत सुरू होतं, गिटार फक्त झिरपत राहते, मग थर चढत चढत तोच जुना टाहो फुटतो आणि शहरच जणू तिला देऊन टाकलं जातं. सगळं शांत झाल्यावर फोनवरचा निरोप वाजतो. तोच, जो दुसऱ्या गाण्यात ऐकायचं धाडस नव्हतं. आई बोलते आहे, प्रिस्क्रिप्शनबद्दल, अगदी रोजच्यातलं. निरोपाचे शब्द नाहीत, आशीर्वाद नाही. तिला ठाऊकच नाही की हे शेवटचं ठरणार आहे. दुसऱ्या गाण्यापासून इथपर्यंत येताना मुलाने काय पार केलं, ते एकाही ओळीत सांगितलेलं नाही. निरोप वाजला, एवढाच पुरावा. इथे वाद्यांचा एखादा उसासा घालायचा मोह कुणालाही झाला असता, तो बँडने आवरला आहे.

अल्बम स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक यांवर आहे. पण रेकॉर्ड किंवा सीडी मिळाली तर जरूर घ्या, कारण बँडच्या अल्बमांची मांडणी गिटारिस्ट स्टाइनहार्ट स्वतः करतो आणि छपाईत त्याचा हात दिसतो. परदेशातून रेकॉर्ड मागवताना मूळ किमतीवर पाठवणावळ आणि कस्टम्स धरूनच बजेट करा; दोन-तीन मित्रांनी मिळून एकत्र मागवलं तर पाठवणावळ वाटली जाते. पार्सल आल्यावर रेकॉर्ड आधी सपाट पृष्ठभागावर ठेवून बाक आला आहे का ते पाहा. तक्रार करायची तर खोक्याचे फोटो लागतात, म्हणून खोका लगेच फेकू नका.

हा आवडला तर पुढे पियानोज बिकम द टीथचा 'द लॅक लाँग आफ्टर' (२०११) ऐका. तिथे गायकाचे वडील गेलेले आहेत, आणि सगळा अल्बम ओरडण्यातच आहे, उसंत न देता. त्याच बँडने २०१४ च्या 'कीप यू'मध्ये ओरडणं पूर्णच सोडलं. ही दोन टोकं ऐकली की 'स्टेज फोर' मधे कुठे उभा आहे ते स्पष्ट होतं. मग ला डिस्प्यूटचा 'वाइल्डलाइफ' (२०११). आणि टूशे आमोरेचंच पुढचं हवं असेल तर रॉस रॉबिन्सन या निर्मात्याने केलेला २०२० चा 'लॅमेंट' आहे. तो आवाजाने जास्त धीट आहे, पण गाण्यामागून गाणं एकाच जखमेवर बोट ठेवून राहण्याची 'स्टेज फोर'ची चिकाटी त्यात नाही, त्यामुळे तो 'स्टेज फोर'नंतरच ऐका.